नोकरी सांभाळून शिक्षणशास्त्रात पीएच.डी. : 'पेट'चा फॉर्म भरण्याआधी काय तपासायचं

'पेट'ची, म्हणजे पीएच.डी. प्रवेश परीक्षेची, जाहिरात आली की आपल्याकडच्या शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोनच प्रश्न फिरतात. लिंक कुणाकडं आहे, आणि गाईड मिळेल का. पीएच.डी. नेमकी कशासाठी करायची, हा प्रश्न तिथं कुणी टाकत नाही. तो पडतो दोन वर्षांनी, कोर्सवर्क (पीएच.डी.तला सक्तीचा अभ्यासक्रम) उरकल्यावर. तोवर फी भरून झालेली असते, स्टाफरूममध्ये पेढे वाटून झालेले असतात आणि पाहुणे "सर, झालं का तुमचं?" असं विचारू लागलेले असतात. मग मागंही फिरता येत नाही आणि पुढंही सरकत नाही.

हा लेख नोकरीत असलेल्यांसाठी आहे: जिल्हा परिषदेचे गुरुजी, खासगी शाळेतले सर-मॅडम, कनिष्ठ-वरिष्ठ महाविद्यालयातले आणि बी.एड. कॉलेजमधले अध्यापक. मराठवाड्यात तुमच्यासमोर मुख्यतः दोन विद्यापीठं आहेत. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव या पट्ट्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, आणि नांदेड, परभणी, हिंगोली, लातूरसाठी स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. जिल्ह्यांची ही वाटणी कॉलेजांच्या संलग्नतेची आहे. पीएच.डी.साठी लातूरच्या माणसानं संभाजीनगरला जाऊ नये असं काही नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. हा निर्णय फॉर्म भरण्याआधी, चार कागद हातात धरून घ्यायचा. भावनेच्या भरात घेतला तर पुढची सहा वर्षं तो रेटत बसावं लागतं.

पहिलं काम : कोणतं दार उघडणार, ते कागदावर बघा

"पुढं कामाला येईल" हे कारण पुरत नाही. कुठल्या पदासाठी, कुठल्या नियमानं कामाला येईल, ते शोधा. नोकरीच्या प्रकाराप्रमाणे उत्तर पार बदलतं.

तुम्ही वरिष्ठ महाविद्यालयात मान्यताप्राप्त पदावर सहायक प्राध्यापक असाल तर फार विचार करू नका. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमावलीत 'कॅस' या बढती योजनेखाली पहिल्या टप्प्यासाठी पीएच.डी. असणाऱ्याला चार वर्षं लागतात, नसणाऱ्याला सहा. सहयोगी प्राध्यापक व्हायला तर पीएच.डी. लागतेच. दार स्पष्ट आहे, किल्लीही ठरलेली आहे.

बी.एड. कॉलेजमध्ये असाल आणि प्राचार्यपद डोळ्यासमोर असेल, तर एनसीटीईची, म्हणजे राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेची, २०१४ ची नियमावली नीट वाचा. पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के, एम.एड.ला ५५ टक्के, शिक्षणशास्त्रात (किंवा कॉलेजात शिकवल्या जाणाऱ्या अध्यापन विषयात) पीएच.डी., आणि माध्यमिक शिक्षक प्रशिक्षण संस्थेत शिकवण्याचा आठ वर्षांचा अनुभव. या शेवटच्या अटीवर भलेभले अडखळतात. शाळेत पंधरा वर्षं शिकवलं, वर पीएच.डी. केली, म्हणून बी.एड. कॉलेजचं प्राचार्यपद चालून येत नाही. शाळेतला अनुभव त्या आठ वर्षांत धरला जात नाही. एनसीटीईची नियमावली सध्या बदलाच्या वाटेवर आहे, म्हणून अर्ज करताना ताजी प्रत काढा. कुणीतरी फॉरवर्ड केलेल्या पीडीएफवर विसंबू नका.

तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर असाल तर क्रम उलटा ठेवा. आधी सेट किंवा नेट, म्हणजे प्राध्यापकपदाची राज्य किंवा राष्ट्रीय पात्रता परीक्षा. १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी नेट, सेट हीच किमान पात्रता आहे आणि पीएच.डी. ऐच्छिक झाली आहे. नियमाप्रमाणे केलेली पीएच.डी. असेल तर नेटमधून सूट मिळते हेही खरं. पण सेटला अभ्यासाचे काही महिने आणि परीक्षेचा एक दिवस लागतो, पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं. मराठवाड्यात नेट, सेट, पीएच.डी. तिन्ही खिशात घेऊन तासावर शिकवणारी माणसं प्रत्येक तालुक्याला भेटतील. पद निघालं तर पीएच.डी.चे गुण छाननीत धरले जातात, पण पद निघणं पीएच.डी.च्या हातात नाही. सीएचबीच्या मानधनात घर चालत नसेल तर आधी घराचं बघा, हे म्हणायला कुणी धजावत नाही म्हणून मी म्हणतो.

आता जिल्हा परिषद आणि खासगी शाळा. इथं गैरसमज सगळ्यात जास्त. १२ वर्षांची वरिष्ठ वेतनश्रेणी आणि २४ वर्षांची निवडश्रेणी यांपैकी एकही पीएच.डी.वर टांगलेली नाही. पदवी मिळाली म्हणून पहिली ते पाचवी शिकवणाऱ्या गुरुजींचा पगार वाढत नाही. विषय खोलात जाऊन समजून घ्यायचा आहे, पुढं अभ्यासक्रम मंडळ, पाठ्यपुस्तक, प्रशिक्षण अशा कामांत उतरायचं आहे, लिहायचं आहे, तर पीएच.डी. जरूर करा. नुसत्या पगारवाढीच्या आशेवर असाल तर इथंच थांबा.

याच वर्गातल्या शिक्षकांसाठी आणखी एक गोष्ट. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानं, सेवानिवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या पहिली ते आठवीच्या सेवेतील शिक्षकांना दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण होण्यास सांगितलं आहे. तुम्ही त्यात मोडत असाल तर टीईटी आधी. नोकरीच टांगणीला लागलेली असताना सिनॉप्सिसचा (संशोधन आराखड्याचा) पहिला परिच्छेद सुचत नसतो.

दुसरं काम : पात्रता, झटपट

यूजीसीची पीएच.डी.ची नियमावली ७ नोव्हेंबर २०२२ ची आहे. पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि दिव्यांग उमेदवारांना पाच टक्क्यांची सवलत. प्रवेश परीक्षेत निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर, निम्मे विषयावर. निवडीत परीक्षेला ७० टक्के वजन, मुलाखतीला ३०. जून २०२४ पासून नेटमध्येच 'फक्त पीएच.डी. प्रवेश' अशी वेगळी श्रेणी आली आहे आणि ते गुण एका वर्षापुरते चालतात. तुमचं विद्यापीठ त्या वर्षी पेट घेतंय की नेटचे गुण धरतंय, हे जाहिरातीत बघा. फॉर्म भरताना शिक्षणशास्त्र मानव्यविद्येखाली शोधत बसू नका. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानुसार तो विषय आंतरविद्याशाखीय अभ्यास या विद्याशाखेत येतो.

मुदत : कोर्सवर्क धरून कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. पुनर्नोंदणी करून आणखी दोन, म्हणजे आठ. महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असणाऱ्यांना त्यावर आणखी दोन. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी पूर्ण काळात एकदा २४० दिवसांपर्यंत रजा घेता येते. मॅडम मंडळींनी ही कलमं वाचून ठेवावीत. ऑफिसातून ती आपणहून कुणी सांगत नाही.

आणि 'घरबसल्या पीएच.डी.' असं म्हणणाऱ्या जाहिरातींकडं बघूही नका. दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीची पीएच.डी. यूजीसी मानत नाही. मग ती परदेशी विद्यापीठाचं नाव लावून आलेली असली तरी.

तिसरं काम : एनओसी

नोकरी करत पीएच.डी. करणं म्हणजे नियमाच्या भाषेत अर्धवेळ पीएच.डी. तिला परवानगी आहे, पण ना-हरकत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असाव्या लागतात. उमेदवाराला अर्धवेळ संशोधनाची परवानगी आहे. त्याच्या कामाचं स्वरूप असं आहे की संशोधनाला पुरेसा वेळ देता येईल. आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी त्याला कार्यमुक्त केलं जाईल.

गाडी अडते ती तिसऱ्या वाक्यावर. "आमची हरकत नाही" एवढं एका ओळीचं पत्र देऊन मुख्याध्यापक मोकळे होतात. कार्यमुक्तीचं वाक्य लिहायचं म्हटलं की, "सर, वर्ग कोण घेणार?" दोनशिक्षकी शाळेत हा प्रश्न अगदी रास्त आहे. म्हणून मसुदा तुम्हीच तयार करून न्या, तिन्ही वाक्यं त्यात टाका आणि सही कोणाची लागते ते आधी विचारा. जिल्हा परिषदेत प्रस्ताव मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी असा वर सरकत जातो आणि प्रत्येक टेबलावर थोडा विसावतो. खासगी संस्थेत सचिवांची सही लागते. तिथं संस्थेच्या राजकारणात तुम्ही कुठल्या बाजूचे आहात यावरही बरंच ठरतं.

माझा सल्ला असा की पेटचा निकाल लागण्याची वाट बघू नका. फॉर्म भरायच्या आधी तोंडी विचारून बघा. "बघू नंतर" असं उत्तर आलं तर ते नकाराच्या जवळचं समजा. रजा कोणत्या आणि किती मिळतील, अध्ययन रजा तुमच्या सेवेला लागू आहे का, हेही त्याच बैठकीत विचारून घ्या.

चौथं काम : वेळेचा हिशोब. शिक्षणशास्त्रात इथंच गोची आहे

इतिहासाचा प्राध्यापक उन्हाळ्याच्या सुट्टीत दफ्तरखान्यात जाऊन बसू शकतो. मराठीचा माणूस रात्री अकराला कवितासंग्रह उघडू शकतो. तुमचा डेटा मात्र शाळेत आहे, आणि शाळा त्याच वेळी उघडी असते ज्या वेळी तुम्ही तुमच्या शाळेत असता. दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही मोकळे, तेव्हा शाळांना कुलूप. रविवारी तुम्ही मोकळे, तेव्हाही कुलूप. त्यामुळं शिक्षणशास्त्राचं क्षेत्रकाम रजा खातं. सुट्ट्या वाचनाला आणि लेखनाला उपयोगी पडतात. प्रश्नावली भरून घ्यायला, वर्ग-निरीक्षणाला, मुलांशी बोलायला कामाचे दिवसच लागतात.

एक नमुना घ्या. बीडमध्ये राहून पाटोदा तालुक्यातल्या वस्तीशाळेवर अप-डाऊन करणारे गुरुजी. सकाळी नऊला गाडीला किक, संध्याकाळी साडेसहाला परत. जेवण होईतो यू-डायस या सरकारी नोंदीसाठी शाळेची माहिती, पोषण आहाराचे आकडे, ग्रुपवर 'आजच्या आज' मागितलेला अहवाल. उरले रात्रीचे नऊ ते साडेदहा, तेही लेकरांचा अभ्यास घेऊन झाला तर. वर बीएलओ म्हणून मतदार यादीचं काम, निवडणूक, फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षा. शिवाय जनगणना : २०२६ मध्ये घरयादी आणि फेब्रुवारी २०२७ मध्ये प्रत्यक्ष गणना. प्रगणक कोण असतात ते तुम्हाला सांगायला नको.

या सगळ्यातून आठवड्याला दहा तास निघतात का? अंदाजानं सांगू नका. चार आठवडे खिशात छोटी वही ठेवा आणि खरंच मोकळा गेलेला वेळ तिच्यात लिहा. 'मोकळा' म्हणजे डोकं चालू असलेला. पेंगत मोबाईल चाळल्याचा नव्हे. दहा निघाले तर पुढं जा. सहा-सात निघाले तर काय सोडणार ते ठरवा : खासगी शिकवणी, संघटनेचं पद की शेतावरची फेरी. काहीच सोडता येणार नसेल, तर सहा वर्षांची मुदत आठ होईल आणि आठव्या वर्षी धाप लागेल.

घरच्यांशी बोलताना "माझा अभ्यास आहे" एवढंच सांगू नका. "पुढची तीन वर्षं रविवारी सकाळी मी घरात असून नसणार" असं सांगा. लग्नसराईत, म्हाताऱ्या माणसांच्या दवाखान्यात, सोयाबीनच्या काढणीत तुमच्या वाटचं काम कोण उचलणार हे तेव्हाच ठरतं. शिक्षिकांच्या बाबतीत तर हे ठरल्याशिवाय फॉर्मच भरू नये, असं माझं मत झालं आहे. कारण घरातलं कुणी कामं उचलत नाही आणि बाई रात्री बारानंतर संशोधक होते.

पाचवं काम : तुमच्याकडं प्रश्न आहे का?

विषय आणि प्रश्न यांत गल्लत होते. 'ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शैक्षणिक समस्यांचा अभ्यास' हा विषय आहे. त्यावर प्रबंध झालेत आणि बऱ्याच ठिकाणी निष्कर्ष ठरलेलेच : पालक उदासीन, स्थलांतरामुळं गळती, शासनानं लक्ष द्यावं. यात नवं काय कळलं?

याच विषयात शिक्षक म्हणून तुम्ही रोज काय बघता ते आठवा. दसरा-दिवाळीच्या सुमारास धारूर-वडवणीकडची कुटुंबं कारखान्यावर जातात. काही मुलं हंगामी वसतिगृहात राहतात, काही आईबापांबरोबर कोपीवर, म्हणजे झोपडीत, जातात. एप्रिलच्या आसपास पट पुन्हा भरतो. तिसरीतलं लेकरू परत येऊन त्याच बाकावर बसतं. पाच महिन्यांत वर्ग जोडाक्षरांवरून उताऱ्यावर गेला, ते कुठं आहे? शिक्षक ते कसं तपासतात? तपासतात का? वार्षिक परीक्षा तोंडावर असताना त्या मुलासाठी नेमकं काय केलं जातं? 'हंगाम संपवून परतलेल्या तिसरी-चौथीच्या मुलांचं वाचन शिक्षक कसं जोखतात आणि पुढं काय करतात' हा प्रश्न झाला. याला शाळा ठरवता येतात, महिने ठरवता येतात, निरीक्षण करता येतं. उत्तर आधीच माहीत नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. जोखीमही दिसते : सगळा डेटा एप्रिलच्या दोन-तीन आठवड्यांत गोळा करायचा आहे आणि एक वर्ष हुकलं की वर्षभर थांबायचं आहे.

आपल्या भागात असे प्रश्न पायलीला पन्नास पडलेत. हिंगोली-नांदेडकडच्या तांड्यांवर घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलणारं लेकरू पहिलीत मराठीतली सूचना ऐकतं, तेव्हा पहिले तीन महिने वर्गात काय घडतं? परभणीच्या उर्दू माध्यमातून सातवी झालेल्या मुली पुढं मराठी माध्यमात गेल्या तर विज्ञानाच्या शब्दांचं काय करतात? लातूरला अकरावीसाठी खोली करून राहणारा मुलगा कॉलेजात किती आणि क्लासमध्ये किती शिकतो? कमी पटाच्या शाळेत एकच शिक्षक चार वर्गांचा तास कसा मांडतो? यातला एखादा प्रश्न तुम्हाला रात्री जागवत असेल तर तुम्ही पीएच.डी.चे. गाईडनं दिलेला 'अमुक तमुक तौलनिक अभ्यास' घेऊन निघालात तर दुसऱ्या वर्षी त्याची शिसारी येते.

विषय निवडताना दोन सावधगिरी. एक, फक्त तुमच्याच शाळेवर उभा राहील असा विषय नको. ऑनलाइन बदलीत तुम्ही गेवराईहून आष्टीला गेलात तर संशोधन मागं राहतं. दुसरी, ज्यांना तुम्ही शिकवता किंवा ज्यांचा गोपनीय अहवाल तुम्ही लिहिता, त्यांनी तुमच्या प्रश्नावलीला खरं उत्तर दिलं असं धरून चालू नका.

आता शोधगंगा उघडा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटनं चालवलेलं हे प्रबंधांचं भांडार फुकट आहे आणि आपल्या दोन्ही विद्यापीठांचे शिक्षणशास्त्राचे मराठी प्रबंध तिथं सापडतात. तुमच्या विषयाच्या जवळचे तीन निवडा. पहिल्या प्रकरणावर वेळ घालवू नका. साधनांचं प्रकरण आणि परिशिष्टातली प्रश्नावली वाचा. 'तुम्ही विद्यार्थ्यांकडे वैयक्तिक लक्ष देता का? होय/नाही' असा प्रश्न दीडशे शिक्षकांना विचारलेला सापडेल, आणि ९६ टक्के 'होय'चा तक्ता, खाली रंगीत आलेखही. यातून काय कळलं असं स्वतःला विचारा आणि तोच प्रश्न खरं उत्तर मिळेल असा लिहून बघा. हे करताना मजा आली का कंटाळा आला, याकडं लक्ष द्या. पुढची काही वर्षं हेच करायचं आहे.

सहावं काम : गाईड

प्राध्यापकाकडं आठ, सहयोगी प्राध्यापकाकडं सहा, सहायक प्राध्यापकाकडं चार, याहून जास्त विद्यार्थी एका वेळी चालत नाहीत. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. जुन्या विद्यार्थ्यांचे सहमार्गदर्शक म्हणून ते निवृत्तीनंतर वयाच्या सत्तरीपर्यंत राहू शकतात. म्हणजे पहिला प्रश्न जागेचा, दुसरा निवृत्तीच्या तारखेचा. दुसरा विचारायला संकोच वाटतो. पण साडेतीन वर्षं उरलेल्या सरांकडं अर्धवेळ नोंदणी केली तर पुढं गाईड बदलण्याचे कागद फिरवावे लागणार, हे आत्ताच धरून चाला.

भेटायला जाण्याआधी शोधगंगेवर त्या गाईडच्या नावानं शोध घ्या. त्यांचे किती विद्यार्थी झाले, कुठल्या विषयांवर, शीर्षकं एकाच साच्यातली आहेत का? मग त्यांच्या दोन विद्यार्थ्यांना फोन करा. एक पूर्ण झालेला, एक अर्धवट सोडलेला. दुसऱ्याचा नंबर मिळायला वेळ लागेल, पण खरी माहिती त्याच्याकडं असते. विचारायचं एवढंच : प्रकरण दिल्यावर ते किती दिवसांनी वाचून मिळायचं? तपासून मिळायचं का नुसतं "छान आहे, पुढं चालू द्या"? संशोधनाव्यतिरिक्त काय काय करावं लागलं?

हा शेवटचा प्रश्न आडून विचारावा लागतो, पण विचारा. गाईडच्या घरचं कार्य, कॉलेजच्या परीक्षेचं काम, कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, म्हणजे 'नॅक'च्या, फायली हे थोड्याफार प्रमाणात सगळीकडं चालतं आणि माणसं ते चालवून घेतात. पाकिटाची भाषा निघाली तर उठून या. तिथं पुढं प्रत्येक सहीला तीच भाषा निघते.

अंतरही मोजा. बीडहून संभाजीनगर धुळे-सोलापूर महामार्गानं सरळ आहे, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. किनवटच्या माणसानं संभाजीनगरचा गाईड घेतला तर प्रत्येक भेटीला दोन दिवस मोडतात. नांदेडला विष्णुपुरीच्या विद्यापीठ परिसरात किंवा जवळच्या संशोधन केंद्रावर बरा गाईड मिळत असेल, तर मोठ्या नावामागं लांब धावू नये. आरएसीसमोर, म्हणजे संशोधन सल्लागार समितीसमोर, दर सत्रात प्रगती मांडायची असते. ती हजेरी फोनवर लागत नाही.

सातवं काम : पैसा

नोकरदाराला शिष्यवृत्ती धरता येत नाही. नेटमधून मिळणाऱ्या जेआरएफ शिष्यवृत्तीचे महिना ३७,००० रुपये असोत की बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांची अधिछात्रवृत्ती, ती पूर्णवेळ संशोधकांची आहे. नोकरी लपवून ती उचलण्याच्या भानगडीत पडू नका, वसुली व्याजासह लागते.

स्वतःच्या खर्चाचा कागद करताना वार्षिक फीशेजारी प्रवास, बिनपगारी रजेचे दिवस, छपाई-बांधणी आणि संख्याशास्त्राची मदत लिहा. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, तेवढाच दिलासा. टायपिंगचा खर्च मात्र टाळा. मराठी प्रबंध युनिकोडमध्ये स्वतः टाइप करायला पहिल्याच वर्षी शिका. कॉलेजसमोरच्या दुकानात श्रीलिपीत टाइप करून घेतलेली फाइल पुढं युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं फुटतात, रफार भलतीकडं जातो आणि ऐन सबमिशनला चारशे पानं पुन्हा तपासावी लागतात.

त्याच दुकानाच्या काचेवर 'सिनॉप्सिस, थीसिस, डेटा अ‍ॅनालिसिस करून मिळेल' अशी पाटी असते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत इतरांच्या लेखनाशी १० टक्क्यांपर्यंतचं साधर्म्य चालतं, त्यापुढं दुरुस्तीपासून नोंदणी रद्द होण्यापर्यंत कारवाई आहे. आणि प्रबंध शोधगंगेवर कायम उघडा राहतो. दहा वर्षांनी तुमचाच एखादा विद्यार्थी तो उघडून बघेल. पैसे घेऊन आठवड्यात शोधनिबंध छापणाऱ्या मासिकांचंही तसंच. २०२२ च्या नियमावलीनं प्रबंधाआधी शोधनिबंधाची देशपातळीवरची सक्ती काढली, आणि यूजीसीची मान्य नियतकालिकांची 'केअर' यादीही २०२५ मध्ये बंद झाली. विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय आहे ते बघा आणि निबंध कुठं द्यायचा ते गाईडशी बोलून ठरवा.

आठवं काम : दोन महिन्यांची तालीम, मग निर्णय

फॉर्मच्या आधी दोन महिने काढा. पहिल्या महिन्यात ते तीन प्रबंध आणि वेळेची वही. दुसऱ्या महिन्यात प्रश्नावर दोन पानांचं टिपण : काय माहीत आहे, काय माहीत नाही, कुठल्या शाळांत, कुठल्या महिन्यांत, कोणाच्या परवानगीनं. मग रीतसर विचारून ओळखीच्या एकाच शाळेत अर्धा दिवस वर्गाच्या मागच्या बाकावर बसा आणि दिसेल ते लिहा. मुलांशी बोलायचं असेल तर मुख्याध्यापकांबरोबर पालकांचीही संमती घ्या. ती सवय आत्तापासून लागू द्या. संध्याकाळी ते टिपण दोन संभाव्य गाईडना दाखवा. एकजण शीर्षक बदलून देईल, दुसरा चार प्रश्न विचारेल. प्रश्न विचारणाऱ्याकडं जा.

यानंतर तुमच्या हातात पदाचा नियम, एनओसीचं तोंडी उत्तर, तासांची वही, दोन पानी टिपण आणि गाईडचं मत असेल. पदाचा नियम अनुकूल नसला तरी बाकीचं जमत असेल तर खुशाल करा, फक्त आशा कशाची धरायची ते ठाऊक ठेवा. एनओसी किंवा तास जमत नसतील तर यंदा थांबा, पुढच्या वर्षी पुन्हा बघा. टिपणच लिहून होत नसेल तर सध्या पीएच.डी. नको. बाकी सगळं जुळवता येतं, प्रश्न उसना आणता येत नाही.

नको ठरलं तरी अभ्यास थांबत नाही. एम.फिल. २०२२ च्या नियमावलीनं बंद झाली, पण इतर वाटा आहेत. मुख्याध्यापकपदाकडं जायचं असेल तर मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका, म्हणजे डी.एस.एम. बघा. वर्गातलाच प्रश्न असेल तर डाएट या जिल्ह्याच्या शिक्षक प्रशिक्षण संस्थेच्या मार्गदर्शनाखाली कृतिसंशोधन करा. ते तुमच्याच वर्गात, तुमच्याच वेळेत होतं आणि शाळेच्या वेळेची गोची आपोआप सुटते. एससीईआरटी या राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या नवोपक्रम स्पर्धेत ते पाठवता येतं. लिहायची हौस असेल तर 'जीवन शिक्षण' आणि 'शिक्षण संक्रमण' ही मासिकं शिक्षकांचे लेख घेतात. परतलेल्या लेकरांच्या वाचनावर केलेल्या एका एप्रिलच्या नोंदी तिथं आठ पानांत मावतात. आणि पुढच्या वर्षी पेटची जाहिरात आली तर त्या नोंदी तुमच्या टिपणाचं पहिलं पान होतात.